वरची फळी

त्यांना सगळे कानसकाका म्हणत. खरं नाव परवान्यावर होतं आणि परवाना दुकानात काचेमागे टांगलेला होता, पण तो वाचायची वेळ कुणावर आली नाही. हातात सदा कानस. बोलणंही तसंच, खरखरीत, समोरच्याला थोडं घासून जाणारं. गिऱ्हाईक बंदूक घेऊन दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला. "भरलेली नाही ना?" मग दुसरा. "नक्की?" आणि तरीही स्वतः उघडून बघत. एकदा बायकोने जेवणाचा डबा पुढे केला तेव्हाही सवयीने तोंडातून तेच गेलं. बायको म्हणाली, "भरलेला आहे. रिकामा डबा आणायला मला काय वेड लागलंय?" हा किस्सा त्या गल्लीत दहा वर्षं चालला.

दुकान एका सायकलवाल्याच्या आणि एका इस्त्रीवालीच्या मधोमध. पुढे काउंटर. मागे दोन कुलपांचं लोखंडी दार, त्यामागे बंदुकांची खोली. खिडकीखाली लांब बाक, बाकावर वस्तू घट्ट धरायचा व्हाइस, कानसांची रांग, तेलाची वाटी, जुन्या टॉवेलचे तुकडे. वर घर. दुकान वडिलांनी सुरू केलेलं. इथे बंदूक विकत मिळत नसे, फक्त दुरुस्त होई. पिकांच्या राखणीच्या एकनळ्या यायच्या, नेमबाजी क्लबच्या चकचकीत बंदुका यायच्या, आणि कुणी कधी उडवत नाही पण टाकवतही नाहीत अशा आजोबांच्या दुनळ्या यायच्या.

बंदुकांच्या खोलीत भिंतीला चार फळ्या होत्या. खालच्या तीन फळ्यांवरचं काम येत-जात असे. सगळ्यात वरच्या फळीवरचं हलत नसे.

तिथल्या प्रत्येक बंदुकीला चिठ्ठी बांधलेली. 'स्प्रिंग येणे बाकी.' 'दस्त्याचे लाकूड सुकत आहे.' 'नळी तपासणीस पाठविणे.' लाकूड सुकायला वेळ लागतो हे खरं, पण तीन वर्षं? चिठ्ठ्या खोट्या होत्या. त्या फळीवरच्या बंदुकांमध्ये दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

असं व्हायचं की एखादी बाई दुकानात यायची. कधी भाऊ यायचा, कधी म्हातारी आई. आधी गल्लीत मागे-पुढे बघायची, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणायची, "ह्यांचं मन सध्या थाऱ्यावर नाही. तेवढी बंदूक लगेच देऊ नका." कानसकाका पुढचं काही विचारत नसत. "बरंच काम निघालंय तिच्यात," एवढं म्हणत आणि चिठ्ठी लिहायला घेत. मालक चौकशीला आला की शिव्या खात. आळशी म्हणवून घेत. एका गिऱ्हाइकाने तर भर गल्लीत सांगितलं होतं की या माणसाकडे बंदूक टाकण्यापेक्षा विहिरीत टाकावी, निदान कुठे आहे ते कळतं. कानसकाका हसले. ती बंदूक त्यांनी अजून पाच महिने ठेवून घेतली.

परत कधी द्यायची याचं त्यांचं एक माप होतं, वडिलांनी दिलेलं. माणूस पुढच्या वर्षीचं बोलायला लागला की द्यायची. पुढच्या वर्षी छप्पर बदलायचंय, पुढच्या वर्षी मुलीचं कॉलेज. तसं बोलणं सहज निघालं की दोन दिवसांत चिठ्ठी सुटायची.

ही गोष्ट कागदावर जायची नाही आणि तोंडातूनही जायची नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. तेही कधी सांगितलं? ज्या दिवशी परवान्यावर मुलाचं नाव चढलं त्या दिवशी, खोलीच्या किल्ल्या हातात देताना. त्याआधी नाही. बायकामाणसं विश्वासाने सांगून जातात, ते पोटात ठेवायची ताकद परवान्याबरोबर येते, असा वडिलांचा हिशेब. कानसकाकांनी तोच पाळला.

वरच्या फळीवर त्या डिसेंबरात पाच बंदुका होत्या. त्यातली एक डॉक्टरची.

डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त. कानसकाकांचा तीस वर्षांचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर गाडी चालवत होता, शेजारी त्याचा मुलगा बसला होता. वळणावर ट्रक समोर आला. डॉक्टरच्या कपाळाला चार टाके पडले. मुलगा गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी वहिनी, म्हणजे डॉक्टरची बायको, दुकानात आली. चादरीत गुंडाळलेली दुनळी तिने काउंटरवर ठेवली. कानसकाकांनी विचारलं, "काय बिघडलंय?"

ती म्हणाली, "काही नाही. भावजी, तुम्ही हिचं काहीतरी बिघडवा."

आयुष्यभर नीट करण्याचं काम केलेला माणूस. त्या दिवशी त्यांनी बंदूक उघडली, आतली चिमट्यासारखी दुमडलेली चपटी स्प्रिंग काढली, व्हाइसमध्ये धरली आणि मोडली. कट्कन आवाज झाला. वहिनीने डोळे मिटले. मग ती चादरीची घडी घालून घरी गेली.

डॉक्टरला त्यांनी सांगितलं, स्प्रिंग तुटली, कारखाना बंद पडलाय, कुठेतरी जुना माल शोधावा लागेल.

तेव्हापासून डॉक्टर दर शनिवारी चारला दुकानात यायचा. दारातूनच विचारायचा.

"आली का रे कानशा स्प्रिंग?"

"निघालीय तिकडून."

"चालत येतेय का?"

"म्हातारी आहे. दम खात येते."

"तुझ्यापेक्षा म्हातारी असेल तर वाटेतच राहील बघ."

मग डॉक्टर स्टुलावर बसायचा. चहा यायचा. दोघं फार बोलत नसत. कानसकाका घासत बसायचे आणि डॉक्टर त्यांच्या हाताकडे बघत बसायचा. सहाला उठायचा. "बरं, विचार तिला, कधी पोचतेस," म्हणून जायचा. चौदा महिने एकही शनिवार चुकला नाही. कानसकाकांची बायको वरून ओरडायची, "तुमचा आणि डॉक्टरांचा संसार माझ्यापेक्षा नीट चाललाय!" शनिवारी त्या दोन तासांत वहिनी बाजारहाट उरकून घ्यायची. आठवड्यात तेवढेच दोन तास ती डॉक्टरला नजरेआड करत असे.

डॉक्टर विनोद करायचा, हसायचा. पण पुढच्या वर्षीचं बोलायचा नाही. कानसकाका कान लावून असत. चौदा महिन्यांत एकदाही नाही.

कानसकाकांना एकच मुलगी. दोन वर्षांचा यंत्रकामाचा अभ्यासक्रम करून ती उन्हाळ्यात परतली होती. तिचा हात बघून कानसकाका मनातून चकित झाले होते. तोंडाने अर्थातच नाही. "बरं आहे," म्हणाले होते. त्यांच्याकडून "बरं आहे" मिळालं की मुलगी दोन दिवस हवेत असे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानाचं दार अर्धं लोटून वर्षअखेरचं काम चाले. सगळ्या बंदुका काढायच्या, लांब टेबलावर घोंगडीवर मांडायच्या, एकेकीचा नंबर नोंदवहीशी ताडून बघायचा. मग पुढच्या वर्षीचा बेत. तो कानसकाका एका वहीच्या मागच्या पानावर चार ओळींत लिहीत आणि मार्चमध्ये विसरून जात. या वर्षी मुलीने भिंतीवर मोठा कागद लावला. बारा महिन्यांचे बारा रकाने. फेब्रुवारीत क्लबच्या बंदुका, स्पर्धेआधी. एप्रिलमध्ये लेथ उघडून साफ करायचं. जूनमध्ये दस्त्यांसाठी अक्रोडाचे ठोकळे मागवायचे, म्हणजे दोन वर्षांनी वापरायला सुकून तयार. पेरण्यांच्या आधी राखणवाल्यांच्या एकनळ्या. आणि कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने: सहा महिन्यांपेक्षा जुनं एकही काम नव्या वर्षात न्यायचं नाही.

"हे कशाला?" कानसकाकांनी विचारलं.

"कारण लोक आपल्याला काय म्हणतात ते मला गल्लीच्या तोंडापासून ऐकायला येतं."

"म्हणू देत."

"तुम्हाला काही वाटत नाही, मला वाटतं. बाबा, वरच्या फळीवर एक बंदूक तीन वर्षं आहे. तीन! तेवढ्यात मी शिकून आले."

"लाकूड सुकतंय."

"कोळसा झाला असेल त्याचा आता."

कानसकाका हसले नाहीत. मुलीने डॉक्टरची दुनळी खाली घेतली, चिठ्ठी वाचली.

"स्प्रिंग येणे बाकी. कुठून येणार? कारखाना वीस वर्षांपूर्वी बंद पडलाय. तुम्ही वाट कुणाची बघताय?"

"असतो कुणाकडे जुना माल."

"मी करते की. पट्टी कापायची, तापवायची, दुमडायची, पाणी द्यायचं. कॉलेजात केल्यात मी."

तिथे सांगता आलं असतं. टेबलाच्या या बाजूला बाप, त्या बाजूला मुलगी, मधे बंदूक, दार लोटलेलं. जिभेवर आलंही होतं. पण परवान्यावर तिचं नाव चढायला दोन आठवडे राहिले होते. अर्ज तयार होता, शनिवारी कार्यालयात द्यायचा होता. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात किल्ल्या तिच्या हातात देऊ, तेव्हा सगळं रीतसर सांगू. वडिलांनी सांगितलं तसं. दोन आठवड्यांनी काय होतंय, असं त्यांना वाटलं. आणि विषय मिटावा म्हणून त्यांच्या तोंडून जे गेलं ते असं:

"राहू दे. ही स्प्रिंग तुला जमायची नाही."

मुलीने बंदूक परत वर ठेवली.

पुढचे तीन दिवस ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून काम करत होती. कानसकाका विचारत नव्हते. रुसलीय, त्यांना वाटलं. पहिली स्प्रिंग वाकवताना गेली. दुसरी पाणी देताना, म्हणजे तापलेली एकदम थंड करताना, तडकली. तिसरी तिने तेलात विझवली, मग हळूहळू पुन्हा तापवली, पोलादावर निळसर झाक येईपर्यंत, आणि त्या क्षणाला बाजूला घेतली. ती टिकली. शुक्रवारी संध्याकाळी बाबा वर घरात गेल्यावर तिने ती बंदुकीत बसवली, घोडा दहा वेळा ओढून सोडून बघितला. दहाही वेळा सारखा आवाज.

शनिवारी कानसकाका दुपारी कार्यालयात गेले. खिडकीवर रांग होती. पुढचा माणूस एका सहीसाठी भांडत होता. यांचा नंबर यायला पावणेपाच झाले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज चाळला. "मुलीचं नाव लावताय? वा! बंदुकीच्या दुकानात मुलगी म्हणजे..." "हात चांगला आहे तिचा," कानसकाका म्हणाले. असं ते पहिल्यांदाच कुणाजवळ मोठ्याने बोलले. पोचपावती घडी करून खिशात घातली. बसमध्ये तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

दुकानात आले तेव्हा सहाला दहा कमी होते. मुलगी दारातच उभी. चेहरा फुललेला.

"बाबा, वर बघा."

वरच्या फळीवर चारच बंदुका होत्या.

"डॉक्टरकाकांची झाली. मी केली स्प्रिंग. तिसऱ्या वेळेला जमली. त्यांनी सही केली, घेऊन गेले. बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, जमायची नाही?"

"कधी?"

"काय?"

"कधी गेला तो?"

"साडेचार... बाबा? बाबा, काय झालं?"

कानसकाका पळत निघाले. साठीच्या पुढचा माणूस, गुडघे दुखणारा. सायकलवाल्याने हाक मारली, त्यांनी वळून बघितलं नाही. इस्त्रीवाली हातातली इस्त्री तशीच धरून दारात आली. डॉक्टरचं घर तीन चौक पलीकडे. दुसऱ्या चौकात त्यांना धाप लागली, ते खांबाला धरून उभे राहिले, परत पळाले. फाटकाशी माणसं होती. पायरीवर वहिनी बसली होती. शेजारी दोन भरलेल्या पिशव्या. तिला कुणीतरी पाणी देत होतं आणि ती ते घेत नव्हती.

डॉक्टर गेला होता. वहिनी बाजारातून यायच्या थोडं आधी.

तिने कानसकाकांकडे बघितलं. ती तेव्हा काही बोलली असती तर बरं झालं असतं असं त्यांना नंतर अनेकदा वाटलं.

चौकशीला माणसं आली. नोंदवही बघितली. बंदूक कधी आली, काय काम निघालं, कधी परत दिली, सही. सगळं जागच्या जागी. असं स्वच्छ दप्तर फार ठिकाणी बघायला मिळत नाही, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. लोक म्हणाले, मुलाच्या दुःखातून उठलाच नाही बिचारा. हेही खोटं नव्हतं.

मुलगी चार दिवस जेवली नाही. "माझ्या हातून गेली ना बंदूक," म्हणत राहिली. कानसकाका म्हणाले, "दुरुस्तीला आली, दुरुस्त झाली, परत गेली. यात तुझं काय?" बायको म्हणाली, "नुसती वस्तू ती. तू नसतीस तर दुसऱ्या कुणी केली असती." मुलगी ऐकत होती. पाचव्या दिवशी तिने भात खाल्ला. सहाव्या दिवशी खाली आली. ही गोष्ट कधी ना कधी होणार होती, आपण मधे सापडलो, एवढ्या आधारावर ती उभी राहिली होती. तो आधार दोन खोट्या वाक्यांचा होता आणि कानसकाकांना तो काढून घ्यायचा नव्हता.

पण वर चार बंदुका होत्या.

त्यांनी आधी ठरवलं, दुकानच बंद करू. परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही. झालं तेवढं पुरे. मग नियमांचं पुस्तक काढून बघितलं. दुकान बंद झालं तर महिन्याच्या आत सगळ्या बंदुका मालकांना परत. ते पान त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. आईच्या सांगण्यावरून ठेवलेली बसवाल्याची बसवाल्याला. त्या विधुर शिंप्याची शिंप्याला. पुस्तक मिटून ठेवलं.

मग मुलीला म्हणाले, "वरच्या चार मी करणार. तू हात लावू नकोस."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले तर बसवाल्याची बंदूक टेबलावर उघडलेली. मुलगी दस्त्याचं माप घेत होती. डोळे सुजलेले, पण हात स्थिर.

"मी सांगितलं होतं ना?"

"तुम्हाला झेपत नाहीये बाबा. कालपासून एक स्क्रू धरून बसला होतात. मी करते. मला काहीतरी करू द्या. रिकामी बसले की मला..." ती थांबली. "एकतीस तारखेला फळी रिकामी करायची ठरलंय. निदान तेवढं तरी होऊ दे."

कानसकाकांनी दार लावलं. आतून कडी घातली. स्टूल ओढून बसले. हे असं सांगायचं नव्हतं. किल्ल्या द्यायच्या होत्या, बायकोने वर काहीतरी गोड केलेलं असायला हवं होतं.

"ठेव ती खाली," ते म्हणाले. "तिच्यात काही बिघडलेलं नाही."

"मग चिठ्ठी?"

"चिठ्ठी मी लिहिलीय."

त्यांनी सगळं सांगितलं. वडिलांपासून. बसवाल्याची आई, शिंप्याचा भाऊ. खोटी लाकडं, खोट्या स्प्रिंगा. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या घोंगडीकडे बघत होते. शेवटी वहिनीपर्यंत आले. चादर, व्हाइस. "मीच मोडली होती ती," म्हणाले. "चौदा महिने मी त्याला फिरवत होतो."

बाहेर सायकलवाला हवा भरत होता. पंपाचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता.

मग मुलगी म्हणाली, "त्यांनी मला विचारलं होतं."

"काय?"

"मी बंदूक काउंटरवर ठेवली तर ते हसलेच नाहीत. मला वाटलं उड्या मारतील. नुसते बघत राहिले. घोडा ओढून बघितला एकदा. म्हणाले, छान केलीस हं. मग विचारलं, बाबांनी सांगितलं का द्यायला?"

कानसकाकांनी मान वर केली.

"मी हो म्हणाले." तिचा आवाज अगदी साधा होता, वेळ सांगावी तसा. "मला वाटलं, नाही म्हटलं तर थांबतो म्हणतील, तुम्ही येईपर्यंत. आणि मला तुम्हाला फळी दाखवायची होती. म्हणून मी म्हणाले, हो, बाबांनीच सांगितलंय. त्यांनी परत विचारलं. नक्की? मी म्हटलं, नक्की."

डॉक्टरला ठाऊक होतं का? मोडलेली स्प्रिंग त्याने पहिल्याच महिन्यात हातात घेऊन बघितली होती. आयुष्यभर मोडकी हाडं बघितलेला माणूस, आपोआप तुटलेलं आणि कुणी मोडलेलं यातला फरक त्याला कळला नसेल? मग दर शनिवारी तो काय विचारायला येत होता? आणि त्या शनिवारी त्याला काय उत्तर मिळालं? कानशाने आता आपल्याला धरून ठेवायचं सोडलं, असंच ना?

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येणार होतं, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली नजर ती. त्यांनी चेहरा आवरला.

"कुणीही हेच म्हणालं असतं," ते म्हणाले.

"बाबा."

"कुणीही म्हणालं असतं गं. मी तुला सांगायला हवं होतं. त्या दिवशी, या टेबलाशी. मी नाही सांगितलं. चूक तिथे आहे. पुढची सगळी त्या एकीची पिल्लं आहेत."

"पण हो मी म्हणाले."

ती रडली नाही. बसवाल्याच्या बंदुकीचे सुटे भाग तिने एकेक करून परत बसवले, तेलाचा हात फिरवला, जुनी चिठ्ठी जशी होती तशी बांधली. स्टुलावर चढून ती वर ठेवली. खाली उतरली आणि भिंतीवरचा कागद काढायला लागली. एक कोपरा निघाला. मग तिला ते जमेना, ती तशीच कागदाला हात लावून उभी राहिली. उरलेले तीन कोपरे कानसकाकांनी सोडवले.

त्या वर्षी पुढचा बेत लिहिला गेला नाही. लिहायला बसलेच होते दोघं, एकतीसला सकाळी. फेब्रुवारी, क्लब. एवढं झालं. पुढचं दोघांनाही सुचलं नाही.

वहिनीकडे कानसकाका दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. ते अर्धा तास बसले. निघताना ती म्हणाली, "पोरीला काही बोलू नका हं भावजी." ते म्हणाले, "नाही." बाहेर फाटकापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले, कडी हातात धरून.

परवान्यावर मुलीचं नाव जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चढलं. किल्ल्या त्यांनी तिच्या हातात दिल्या नाहीत, काउंटरवर ठेवल्या. तिने तासाभराने उचलल्या. ती कानस मात्र हातात घेत नव्हती. नोंदी करायची, फोन घ्यायची, पत्रं लिहायची. बाकाच्या तिच्या टोकावर धूळ बसू लागली. कानसकाका एकदा म्हणाले, "क्लबच्या बंदुकीचा एक खटका आहे, बघतेस का?" ती म्हणाली, "तुम्हीच बघा." त्यांनी परत विचारलं नाही.

महिनाअखेरीस बसवाला आला. कपाळाला आठ्या.

"काय गं, बाप कुठाय?"

"आत आहेत. काय हवंय?"

"काय हवंय म्हणजे? बंदूक हवीय. दीड वर्ष झालं. लाकूड सुकतंय म्हणे. अजून सुकतंय?"

आत कानसकाकांची कानस थांबली. त्यांनी उठायला घेतलं. पण तेवढ्यात मुलीचा आवाज आला, स्वच्छ, थोडा कंटाळलेला, दुकानातल्या माणसाचा असतो तसा.

"सुकलं होतं. बसवायला घेतलं तर चीर निघाली. आता दुसरा ठोकळा घातलाय सुकायला."

"म्हणजे अजून दीड वर्ष?"

"लाकडाला घाई करता येत नाही काका."

"बाप परवडला. तो निदान लाजायचा तरी!" बसवाल्याने काउंटरवर थाप मारली. "दुकान आहे का थट्टा? माझी आई म्हणते तिथेच टाक, तिथेच टाक. तिला काय कळतंय!"

"पुढच्या महिन्यात एक चक्कर मारा."

"मारतो. दुसरं काय करणार?"

तो गेला. कानसकाका बाहेर आले. मुलगी काउंटरमागे सरळ उभी होती, दोन्ही हात काउंटरवर टेकलेले, बोटं पांढरी पडलेली. एवढं सफाईदार खोटं त्यांना स्वतःला पहिल्या पाच वर्षांत जमलं नव्हतं.

"बरं आहे," ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं.

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती दाराकडे बघत होती, जिथून बसवाला गेला होता.

"बाबा, डॉक्टरकाका दर शनिवारी विचारायचे, तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघून बोलायचात?"

"हो."

"डोळ्यांत बघून?"

"हो."

"कसं?"

कानसकाका पुढे येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. दारात पुढचं गिऱ्हाईक आलं होतं, खांद्यावर एकनळी. ते आत यायची वाट बघत होतं, आणि "भरलेली नाही ना?" हे दोघांपैकी कुणीच त्याला विचारलं नाही.